बसल्या जागेवरून

भाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खुर्चीत बसले होते, आणि पुढची तीन वर्षं मी त्यांना जवळजवळ तसंच पाहिलं.

अंबरनाथजवळ मोरिवलीला लागून असलेल्या कारखान्यांच्या वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक छोटा कारखाना होता. तिथे ऑफिसात मी डिस्पॅचचं काम बघायचे. खोकी कुठे गेली, किती गेली, पोचली की नाही, एवढंच. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. ऑफिसात एक कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्यावर मखमलीचं कव्हर घालून त्याला देवासारखं जपलं जात होतं. शेडच्या पार दुसऱ्या टोकाला स्टोअर होतं. तारेच्या जाळीचं दार, आत गोंदाचे डबे, तारेची बंडलं, मशीनचे पट्टे, आणि मधोमध एक लोखंडी खुर्ची. खुर्चीवर चार घड्या घातलेली सतरंजी आणि सतरंजीवर भाऊ. पन्नाशी ओलांडलेला, अंगाने बारीक माणूस. डोळे अर्धे मिटलेले. पाय समोर उपड्या ठेवलेल्या डब्यावर. पायांत दोन नंबर मोठ्या वाटाव्यात अशा रबरी चपला. सगळे त्यांना भाऊ म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला वॉचमनसुद्धा.

कोणी काही मागायला आलं की भाऊ बोट दाखवायचे. "डावीकडे. वरून दुसरा. घे. सही कर." माणूस आत जाऊन आपल्या हाताने वस्तू काढायचा, सही करायचा आणि जाता जाता म्हणायचा, "भाऊ, किती आळस, एकदा तरी उठा." भाऊ म्हणायचे, "सरकार पडलं की उठतो."

पहिल्याच आठवड्यात मी एक कागद सहीसाठी घेऊन गेले आणि जाळीच्या दाराबाहेर उभी राहिले, ते येऊन घेतील म्हणून. बराच वेळ गेला. मग आतून आवाज आला, "मॅडम, तुम्ही नव्या. म्हणून सांगतो. मी उठत नाही."

"कधीच?"

"घरी जाताना उठतो. तेही नाइलाजाने."

मी हसले. आई गेल्याला तेव्हा चार महिने झाले होते आणि त्या चार महिन्यांत मी मोठ्याने हसल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

पुढे लक्षात आलं की कारखान्यातला कुठलाही घोळ शेवटी भाऊंच्या खुर्चीपाशी येतो. एकदा कॅन्टीनमधले स्टीलचे पेले गायब झाले. एक-दोन नाही, चाळीसच्या चाळीस. कॅन्टीनवाल्याने आकांत मांडला, वॉचमनने सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या, साहेबांनी पोलिसात जायची भाषा केली. भाऊंनी अर्धा डोळा उघडून विचारलं, "पातेली आहेत?" आहेत म्हणाले. "ताटं?" आहेत. "मग चोर नाही. चोर आधी पातेलं नेतो. कोणाकडे तरी कार्यक्रम आहे. सरबत देणार असेल. सोमवारी येतील."

सोमवारी सकाळी पेले कॅन्टीनच्या ओट्यावर ओळीने मांडलेले होते. घासूनपुसून, पण दोन-तीन पेल्यांच्या काठाला हळदीकुंकू राहिलं होतं. कोणी नेले ते भाऊंना विचारलं तर म्हणाले, "वाचलेल्या पेढ्याचा वास कोणाच्या डब्याला येतो बघा. मी नाही बघणार. लांब आहे."

दुसऱ्यांदा साहेबांच्या विरोधात मालकांकडे एक निनावी पत्र गेलं. बाथरूमला दार नाही, पंखे बंद आहेत, ओव्हरटाइमला नाही म्हटलं तर दम देतात, वगैरे. साहेबांनी ते पत्र गुपचूप भाऊंना दिलं आणि लिहिणारा शोधायला सांगितलं. भाऊंनी ते आठ दिवस सतरंजीखाली ठेवलं. नवव्या दिवशी मी समोर उभी असताना साहेब आले. भाऊ बसूनच म्हणाले, "साहेब, लिहिणारा सापडेल. पण मालक विचारतील, दार लागलं का. आधी दार लावू." दार लागलं. पंखेही सुरू झाले. लिहिणारा सापडला नाही. पत्र मी पाहिलं होतं. त्यातली वाक्यंही चार-चार शब्दांचीच होती.

भाऊंची वाक्यं कायम तेवढीच असायची. चार शब्द, थांबणं, पुन्हा चार शब्द. मला त्यांचं ते थांबणं फार आवडायचं. नाटकातला कसलेला नट टाळी घ्यायला थांबतो, तसं वाटायचं.

मी कात्रपला राहायचे, दुसऱ्या मजल्यावर, वन रूम किचनमध्ये. वडील लहानपणीच गेलेले. भाऊ पुण्याला, म्हणजे माझा सख्खा भाऊ. तो रविवारी फोन करायचा आणि पाच मिनिटांत दोघांचंही बोलणं संपायचं. आई होती तोवर घरी जाण्याला घाई होती. तिचं औषध, तिची भाकरी, तिचं "आज उशीर केलास". ती गेल्यावर संध्याकाळी कुलूप उघडलं की सकाळी जिथे जे ठेवून गेले तिथेच ते असायचं. चहाचा कप ओट्याच्या कडेला म्हणजे कडेला. कुकर लावावा एवढा भात लागत नसे. सात वाजता जेवण आटोपायचं आणि मग झोपेपर्यंतचे तास समोर बसून राहायचे. शनिवारी ऑफिस सुटलं की सोमवारी सकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नसे. सोमवारी पहिलं वाक्य बोलताना घसा साफ करावा लागायचा.

आमच्या खोक्यांवरची लेबलं उल्हासनगरच्या एका प्रेसमध्ये छापली जायची. प्रेसचे मालक सिंधी, साठीचे, गोरे, सदा घामेजलेले. लेबलांवरचं मराठी तपासायला दर बुधवारी मला तिथे पाठवायचे, कारण त्यांच्या कंपोझिंगवाल्याला ऱ्हस्व-दीर्घाशी काही देणंघेणं नव्हतं. हे गृहस्थ लेबलांशिवाय एक चार पानी मराठी साप्ताहिकही चालवायचे. फर्निचर आणि कपड्यांच्या दुकानांच्या जाहिराती, पाणी कधी येणार नाही त्याच्या बातम्या, शेवटच्या पानावर श्रद्धांजल्या.

एका बुधवारी ते म्हणाले, "दीदी, माझ्या पेपरात वाचण्यासारखं काय आहे, सांगा ना. मीच वाचत नाही. कुछ हसनेवाली चीज लिहा. तुमचं मराठी एकदम फर्स्ट क्लास."

मी म्हटलं, मी कधी लिहिलेलं नाही.

"तर काय झालं? मी पण पेपर कधी काढला नव्हता."

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर मी रद्द झालेल्या चलनांच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले. काय लिहावं याचा विचार करावाच लागला नाही. एक लहानसं गाव, आमच्यासारखंच, अर्धं जुनं अर्धं बिल्डरचं. त्या गावात एक गुप्तहेर, जो खुर्चीतून उठत नाही. गावाला त्याच्यावाचून चालत नाही आणि त्याला गावाचं काही पडलेलं नाही. कोणी ओळखू नये म्हणून मी त्याला चांगला दोनशे पौंडांचा लठ्ठ केला. बाकी सगळं भाऊंचंच घेतलं. सतरंजी घेतली, उपडा डबा घेतला, मोठ्या चपला घेतल्या, टेबलावर डोकं ठेवून दुपारी झोपणं घेतलं आणि ती चार-चार शब्दांची वाक्यं घेतली.

पहिल्या गोष्टीत नगरसेवकाच्या बॅनरवर कोणीतरी रातोरात मिशी काढतं. गावात दोन गट पडतात, दगड गोळा होतात. गुप्तहेर बॅनरचा फोटो बघून जांभई देतो. "मिशी सुबक आहे. दोन्ही बाजू सारख्या. घाईचं काम नाही. म्हणजे ज्याला शिडीवर उभं राहिलेलं कोणी हटकत नाही, त्याने काढली." बॅनर लावणाऱ्यानेच काढलेली असते. नगरसेवक विचारतो, त्याला काय शिक्षा करू? गुप्तहेर म्हणतो, "मिशी ठेवा. शोभते."

'बसल्या जागेवरून' असं सदराचं नाव ठेवलं. लेखकाचं नाव छापायचं नाही, एवढी अट घातली. मालक म्हणाले, "दीदी, नाव नसलं की लोक जास्त वाचतात." आणि लोकांनी खरंच वाचलं. दवाखान्याबाहेरून फक्त उजव्या पायाच्या चपला चोरीला जातात त्या गोष्टीनंतर प्रेसमध्ये विचारणा करायला माणसं आली. मालक मला प्रत्येक बुधवारी सांगायचे, अमुक दुकानदार हसला, तमुक मास्तरांनी कात्रण ठेवलं. मी लेबलांवर नजर ठेवून ऐकायचे. घरी जाताना तीच वाक्यं मनात पुन्हा म्हणायचे.

भाऊंना कळायला दोन महिने लागले असतील. कॅन्टीनमध्ये भजी त्या पेपरात बांधून आली. दुपारी निरोप आला, मॅडमना स्टोअरमध्ये बोलावलंय. मी गेले तेव्हा तेलकट पान त्यांच्या मांडीवर पसरलेलं होतं.

"मॅडम. हा जाडा. कोण आहे?"

मी त्या पानावरून नजर काढून म्हटलं, "मला काय माहीत?"

"प्रेसमध्ये कोण जातं? दर बुधवारी? आणि हे वाक्य. 'देव पण रविवारी उठत नाही.' मी एकदाच बोललोय. समोर तुम्ही होतात."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"खुर्ची चुकलीय. दाराकडे पाठ नको. पाठ भिंतीला हवी. दार समोर हवं. नाहीतर तो बघणार काय?" मग थोडं थांबून, "आणि लग्न लावू नका त्याचं. पळायला पण लावू नका."

त्या दिवसापासून रोज चार वाजता मी माझा चहा घेऊन स्टोअरमध्ये जायला लागले. माझ्यासाठी एक रिकामं गोंदाचं पिंप उलटं करून ठेवलेलं असे, कोण ठेवायचं ते मी विचारलं नाही. मी गोष्टीचं कथानक सांगायचे, भाऊ त्याच्यातल्या चुका काढायचे. "हा शिंपी खोटं बोलतो. मग सुई कुठे आहे? शिंप्याच्या कॉलरला सुई असतेच." गणपती मंडळाची ढाल चोरीला जाते ती गोष्ट सबंध त्यांची. कधीकधी कथानक राहूनच जायचं. ते विचारायचे, "काल काय केलंत? जेवायला?" मी सांगायचे, पिठलं. "परवा पण पिठलं होतं." मी म्हणायचे, एकटीसाठी कोण काय करणार. त्यांच्या घरचं मला एवढंच ठाऊक होतं की अंबरनाथ पश्चिमेला ते आणि वहिनी दोघंच राहतात आणि एकुलती एक मुलगी लग्न होऊन मनमाडला आहे. मी कधी जास्त विचारलंही नाही. तो पंधरा मिनिटांचा चहा हे माझं दिवसभरातलं बोलणं होतं, आणि त्यात मी माझंच बोलायचे.

दीड वर्ष असं गेलं. मग जुने साहेब निवृत्त झाले आणि तरुण साहेब आले. टाय लावायचे, उभ्याने चहा प्यायचे. एका बुधवारी प्रेसचे मालक स्वतः लेबलं घेऊन कारखान्यात आले आणि मोठ्या कौतुकाने नव्या साहेबांना म्हणाले, "सर, तुमच्याकडे रायटर आहे! आमच्या पेपरची शान! दीदी लिहिते." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. अंकांची चळतही त्यांनी भेट म्हणून ठेवली.

दोन दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर अंक होते. ते मनापासून हसत होते. "मॅडम, ग्रेट आहे हे. हे आपले स्टोअरवाले ना? तो डबा, ती सतरंजी?"

मी काय बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं. मी लाजले, आणि म्हणाले, "थोडेसे."

कोणी माझ्या लिहिण्याचं तोंडावर कौतुक करायची ती पहिलीच वेळ होती. मला वाटलं, भाऊंनाही हे सांगितलं की गंमत वाटेल. चहाच्या वेळी सांगितलं. ते म्हणाले, "हसले का?" मी म्हटलं, खूप हसले. भाऊ बराच वेळ डब्यावरच्या पायांकडे बघत राहिले.

महिन्याच्या शेवटी साहेबांनी सगळ्या स्टाफला उभं करून नवी व्यवस्था सांगितली. स्टोअर खालून हलवून वरच्या माळ्यावर न्यायचं, खालची जागा नव्या मशीनला हवी होती. माळ्यावर जायला अठरा पायऱ्यांचा लोखंडी जिना. यापुढे स्टोअरमध्ये बाहेरच्या कोणी शिरायचं नाही. मागणी खाली काउंटरवर यायची, स्टोअरकीपरने स्वतः वरून वस्तू आणून द्यायची. शेवटी ते हसून म्हणाले, "पेपरात छापून यावा इतका आळस आपल्याला परवडणार नाही, काय मॅडम?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मशीनवरची माणसं हसली नाहीत. ते मला चमत्कारिक वाटलं, पण मी खाली मान घालून उभी राहिले. त्या क्षणी बोलता आलं असतं.

सोमवारी नवी व्यवस्था सुरू झाली. चार वाजता मी चहा घेऊन गेले तर भाऊ जिन्याच्या तळाशी काउंटरला टेकून उभे होते. मी त्यांना उभं पाहिलं आणि मला वेगळाच माणूस पाहिल्यासारखं झालं. वाटलं होतं त्यापेक्षा उंच होते. म्हणाले, "उद्या बोलू." मंगळवारीही तेच. बुधवारी मी प्रेसमध्ये होते. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला शेडमधली मशीनं एकेक करून बंद व्हायला लागली. मशीनं अशी बंद होत नाहीत, म्हणून मी बाहेर आले.

भाऊ जिन्याच्या मधल्या पायरीवर बसले होते. मांडीवर तारेचं बंडल, ओठ निळसर, आणि तोंड उघडं. श्वास आत जात होता पण पुरत नव्हता. दोन ऑपरेटरांनी त्यांना उचललं. उचलण्याची त्यांना सवय असावी असं उचललं, एकाने पाठीखाली हात घातला, दुसऱ्याने पाय खाली लोंबते ठेवले. मालाच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं.

मी जिन्यापाशीच उभी होते. पुठ्ठ्याला वळ्या पाडणाऱ्या कोरूगेशन मशीनवरचा म्हातारा ऑपरेटर हात पुसत आला. तो माझ्याशी एरवी कामाशिवाय बोलायचा नाही.

"मॅडम, त्यांच्या हार्टची झडप खराब आहे. लहानपणापासून. ऑपरेशन सांगितलंय, ते घाबरतात. दहा पावलं चालले की दम लागतो, संध्याकाळी पाय सुजतात. सगळ्या शेडला माहीत आहे. म्हणून तर आम्ही आपापलं काढून घ्यायचो."

"आणि ते आळशी आळशी म्हणून चिडवायचात ते?"

"मग काय म्हणणार? ऑफिसला कळलं असतं तर घरी बसवलं असतं. आळशी माणसाला कोणी काढत नाही, आजारी माणसाला काढतात." तो पुन्हा हात पुसायला लागला. "जुन्या साहेबांना पण माहीत होतं, मला वाटतं. तुम्ही रोज शेजारी बसायचात. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल, आणि तरी लिहिता."

मी ऑफिसात जाऊन खुर्चीवर बसले. दोनेक वर्षं त्या माणसाकडे मी बारकाईने बघितलं होतं. मोठ्या चपला बघितल्या, पायांची सूज बघितली नाही. दुपारी टेबलावर टेकलेलं डोकं बघितलं. चार शब्दांनंतरचं थांबणं तर इतकं घोटून उचललं होतं की वाचणाऱ्याला ऐकू यावं. तो श्वास होता. ते श्वास घ्यायला थांबायचे, आणि मी तिथे लोकांना हसवायचे.

भाऊ दवाखान्यातून घरी आल्यावर मी त्यांना भेटायला गेले. चाळवजा बैठी खोली, दारात तुळस नाही पण कढीपत्त्याचं झाड डब्यात लावलेलं, आत भिंतीवरच्या फळीवर बुद्धाची लहान मूर्ती, समोर मोगऱ्याची चार फुलं. भाऊ कॉटवर तीन उशांना टेकून बसले होते. वहिनींनी मला पाणी दिलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, निदान दिसत नव्हता.

"भाऊ, माझ्यामुळे झालं."

"जिना तुम्ही बांधलात?"

"मी लिहिलं नसतं तर..."

"मशीनला जागा हवी होती. स्टोअर हललंच असतं." ते थांबले. आता मला ते थांबणं ऐकवत नव्हतं. "एकच चूक केलीत. साहेबांना 'नाही' म्हणायचं. गुप्तहेर कबूल होत नाही."

एवढं बोलून ते डोळे मिटून पडले. मी कितीदा तरी ते वाक्य मनात उलटसुलट केलं आहे. त्यांनी मला माफ केलं होतं की नाही, ते मला त्यातून आजही काढता आलेलं नाही.

वहिनी मला बाहेर सोडायला आल्या. कढीपत्त्याच्या डब्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "ते पेपर घरी आणायचे. मला वाचून दाखवायचे. मी हसायचे, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. ताई, तुम्हाला खरंच वाटायचं का, की ते आळशी आहेत?"

मी होकाराची मान हलवली.

"तुमच्याबद्दल सांगायचे ते. म्हणायचे, ती बाई शनिवारी सुट्टी झाल्यावर पण टेबल आवरत बसते, तिला घरी कोणी नाही. म्हणून चार वाजता बोलावून घेतो. बोलताना त्यांना फार त्रास व्हायचा. संध्याकाळी घरी आले की एक शब्द बोलायचे नाहीत. मी म्हणायचे, कशाला बोलत बसता एवढं? तर म्हणायचे, तिला तेवढंच आहे."

मी अंबरनाथ स्टेशनपर्यंत चालत आले. पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीवर मला माझा श्वास ऐकू येत होता.

भाऊ पुन्हा कामावर आले नाहीत. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला आणि दोघं मनमाडला मुलीकडे राहायला गेली. मी सदर बंद केलं. प्रेसच्या मालकांनी फार समजावलं, "दीदी, लोक विचारतात, तो जाडा कुठे गेला?" मी त्यांना खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. काही आठवड्यांनी त्यांनी दुसऱ्या कोणाकडून तेच सदर लिहून घ्यायला सुरुवात केली. त्यातला गुप्तहेर पिस्तूल घेऊन धावायचा. ते चारेक अंकांत थांबलं.

कारखान्यात चार वाजायचे तेव्हा मी चहा टेबलावरच घ्यायला लागले. नव्या मुलीने कॉम्प्युटरवर डिस्पॅच शिकवलं, ते शिकले. मनमाडचा नंबर माझ्याकडे होता. पहिले दोन-तीन महिने मी दर रविवारी फोन करायचे. वहिनी उचलायच्या, भाऊ शेजारून काहीतरी बोलायचे ते त्या मला सांगायच्या. "म्हणतायत, काय जेवलात." मी काहीतरी बरं सांगायचे, भरलं वांगं वगैरे. "म्हणतायत, खोटं." मग हळूहळू रविवार चुकायला लागले. प्रत्येक वेळी फोन हातात घेतला की वाटायचं, त्यांना त्रास होईल.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात ऑफिसात वहिनींचा फोन आला. भाऊ गेले होते, त्याला पाच दिवस झाले होते. येत्या रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, जमलं तर या, म्हणाल्या. मी गेले.

मनमाडचं घर माणसांनी भरलेलं होतं. दारात मांडव, आत पांढऱ्या चादरीवर भाऊंचा फोटो. तरुणपणचा होता, उभ्याने काढलेला, एक हात सायकलच्या हँडलवर. भन्तेजींनी वंदना म्हटली, नंतर नातेवाइकांपैकी एकदोघे बोलले. कष्टाळू होते, कधी कोणाकडे हात पसरला नाही, मुलीला शिकवलं. त्या दिवसभरात गोष्टींचा, पेपरचा, त्या गुप्तहेराचा कोणी विषय काढला नाही. तो काढला जाईल असं मला वाटलं होतं हे मला तिथे बसल्यावर कळलं, आणि स्वतःची लाज वाटली.

जेवणाच्या पंगतीत मुलीच्या सासूबाईंनी वहिनींना विचारलं, "या कोण?"

वहिनी माझ्या पानात भाजी वाढत होत्या. म्हणाल्या, "यांच्या कारखान्यातल्या मॅडम. चार वाजता यांच्याशी बोलायच्या."

सासूबाईंना त्यातून काही कळलं नसावं. त्यांनी मान डोलावली आणि मला आणखी एक पोळी घ्यायला लावली.

दुपारनंतर मी निघाले. वहिनी रिक्षापर्यंत आल्या. दिवसभराच्या धावपळीने त्यांचा चेहरा ओढला होता. आता त्या तिथेच राहणार होत्या, मुलीच्या घरी, कोपऱ्यातल्या कॉटवर. रिक्षा सुरू झाल्यावर त्या एकदम वाकून म्हणाल्या, "पोचल्यावर फोन करा."

असं मला आईनंतर कोणी म्हटलं नव्हतं.

कात्रपला पोचले आणि कुलूप उघडल्याबरोबर, दिवासुद्धा न लावता, मी फोन केला. तिकडे घंटी वाजत राहिली. कोणी उचलला नाही. पाहुणे असतील, आवराआवर असेल. थोड्या वेळाने पुन्हा केला, तरी नाही. मी कुकरमध्ये एक मूठ तांदूळ लावले, निम्मा भात सकाळसाठी ठेवला आणि झोपले.

सकाळी कामावर निघायच्या आधी पुन्हा नंबर फिरवला. दुसऱ्याच घंटीला वहिनींनी उचलला.

"पोचलात ना?"

"पोचले."

"जेवलात काय?"

"भात," मी म्हटलं. "नुसता भात."

"बरं," त्या म्हणाल्या. मग पुढे काय बोलावं ते त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही. पण त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही, बराच वेळ.